पोकरवाल्यांचे 'कमावलेले' कोटी

इंदूरच्या रामबागेत दिवाळीची तीनपत्ती रंगली की कुणीतरी सांगतंच, "अहो काका, पोकरवाले बसल्या जागी कोट्यवधी कमावतात!" पोकर या पत्त्यांच्या खेळातल्या खेळाडूंच्या 'कमाई'च्या याद्या निघतात; त्यांतला तो आकडा खऱ्या कमाईचा नसतो, मिळालेल्या बक्षिसांची नुसती बेरीज असते. स्पर्धेत उतरायला भरलेली फी त्यातून वजाच होत नाही. लास वेगासच्या जागतिक मुख्य स्पर्धेची फीच १०,००० डॉलर! समजा, लाख-लाख भरून दहा स्पर्धा खेळल्या. नऊ कोरड्या, एकीत आठ लाख. यादीत आठ लाख, खिशातून मात्र दोन गेलेले. विमान, हॉटेल, पैसे लावणाऱ्या भागीदाराचा हिस्सा वेगळाच. आपल्याकडे बक्षिसावर ३० टक्के कर, आणि इतर स्पर्धांत बुडालेली फी त्यातून वजा करता येत नाही. ऑनलाइन पैशांचा डाव तर २०२५च्या कायद्याने बंदच केलाय.