तल्लफ जिभेची, भूक कोंबडीची

‘मला मांस खावंसं वाटतं, म्हणजे माझ्या शरीराला त्याची गरज असणार.’ कारखानी पशुपालनाचा, म्हणजे कारखान्यात माल काढावा तसे प्राणी वाढवण्याचा, विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. त्याच्या पाठोपाठ दुसरंही येतं: ही ओढ निसर्गानेच दिली आहे, मग पिंजऱ्यातल्या प्राण्यांसाठी मनाला लावून कशाला घ्यायचं? दुसऱ्या वाक्याचा सगळा डोलारा पहिल्यावर उभा आहे आणि पहिलंच कच्चं आहे.

शरीरात जे कमी पडतं त्याचीच तल्लफ येते, हे मिठाच्या बाबतीत मात्र खरं आहे. १९४० साली विल्किन्स आणि रिक्टर या अमेरिकी संशोधकांनी साडेतीन वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी बिघडल्या होत्या आणि शरीरातलं सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, लघवीवाटे वाहून जात होतं. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण ते मूल मिठासाठी हट्ट करायचं, नुसतं मीठ खायचं, आणि त्यावरच तग धरून होतं. रुग्णालयात दाखल केल्यावर त्याला चारचौघांसारखा आहार सुरू झाला आणि काही दिवसांतच ते दगावलं. सोडियमची भूक इतकी अचूक असू शकते.

आता लोहाकडे बघा. लोह कमी झालेल्या कित्येकांना बर्फ चघळण्याची अनावर इच्छा होते, काहींना माती खावीशी वाटते. बर्फात लोहाचा कणही नसतो. ब-१२ जीवनसत्त्व संपत आलं, तरी ते ज्या पदार्थांत असतं त्यांची ओढ काही वाढत नाही. ‘शरीर मागतं ते द्यावं’ हा सल्ला आरोग्यशास्त्राच्या थाटात दिला जातो खरा, पण त्याची जागा अंधश्रद्धांच्या रांगेतच आहे.

मग मांसाची ओढ येते कुठून? माझ्या मते जीवरसायनशास्त्रातली ही सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळू.

१९०८ साली टोकियोमध्ये किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट (एका अमिनो आम्लाचं रूप) वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्या पलीकडच्या त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. पाच वर्षांनी त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या माशात इनोसिनेट हा दुसरा रेणू सापडला. नुसत्या इनोसिनेटला आपल्या जिभेवर फारशी चव नाही. पण ग्लुटामेटच्या जोडीला ते आलं की उमामी कित्येक पटींनी वाढते. ही बेरीज नव्हे, गुणाकार आहे.

असं का होतं, याचा उलगडा होण्यासाठी एकविसावं शतक उजाडावं लागलं. जिभेवरच्या स्वादकलिकांमध्ये उमामी ओळखणारा एक ग्राही असतो. टी१आर१ आणि टी१आर३ अशा दोन प्रथिनांच्या जोडीने तो बनतो. टी१आर१चा बाहेर डोकावणारा भाग उघड्या शिंपल्यासारखा असतो. ग्लुटामेट शिंपल्याच्या आत, बिजागरीजवळ जाऊन बसतं आणि शिंपला मिटू लागतो. मिटला की पेशीला संदेश जातो. पण हे मिटणं पक्कं नसतं. तो पुन्हा उघडतो आणि ग्लुटामेट निसटतं. इनोसिनेट बसतं ते शिंपल्याच्या ओठांशी. त्याच्या फॉस्फेटवर ऋण प्रभार असतो आणि ओठांवरच्या काही अमिनो आम्लांवर धन. त्या ओढीने दोन्ही ओठ एकमेकांना धरून राहतात, शिंपला मिटलेलाच राहतो आणि संदेश जोरकसपणे जात राहतो. दोन रेणू, दोन वेगळ्या जागा, म्हणूनच गुणाकार.

आणि हे इनोसिनेट मांसात येतं कुठून? जिवंत स्नायूत ते अगदी थोडं असतं. तिथे राज्य एटीपीचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचं. प्राणी मेला की रक्ताबरोबर येणारा ऑक्सिजन थांबतो. स्नायू तरीही काही काळ साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, मोडून एटीपी बनवत राहतो. त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं आणि स्नायूचा सामू (पीएच, जो आम्ल वाढलं की उतरतो) सातच्या आसपासहून साडेपाचाच्या घरात उतरतो. ग्लायकोजेन संपतं, एटीपी संपतं, आकुंचन पावणारी प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात आणि शरीर ताठरतं. खर्ची पडलेल्या एटीपीचं आधी एडीपी, मग एएमपी आणि शेवटी इनोसिनेट होतं. काही तासांत त्याचा साठा होतो. पुढे तेही हळूहळू मोडतं आणि त्यापासून हायपोझँथिन हा कडवट पदार्थ तयार होतो. म्हणजे ज्या चवीला आपण मांसाची चव म्हणतो, तिचा मोठा भाग जिवंत प्राण्यात नसतोच. तो मृत्यूनंतर घडतो. पुढे चुलीवर त्याच इनोसिनेटमधली रायबोज साखर सुटते, गंधक असलेल्या अमिनो आम्लांशी तिची क्रिया होते आणि तो ओळखीचा वास दरवळतो. शर्करा आणि अमिनो आम्लं यांच्यातल्या अशा अभिक्रियांचं पहिलं वर्णन लुई कामिय मायार यांनी १९१२ साली केलं.

कत्तलीच्या वेळी घाबरलेल्या प्राण्याच्या मांसात ‘विष उतरतं’, असा एक संदेश समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो. विष वगैरे काही उतरत नाही. पण फार काळ ताणाखाली राहिलेल्या प्राण्याच्या स्नायूतलं ग्लायकोजेन आधीच संपलेलं असतं. मग पुरेसं आम्ल तयार होत नाही, सामू चढाच राहतो आणि मांस गडद, कोरडं दिसतं, लवकर खराबही होतं. प्राण्याने शेवटचे तास कसे काढले याची खूण रसायनात उरते. भोंदू संदेशापेक्षा ही खरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते.

या सगळ्यात जीभ ओळखते ते काय? दोन रेणू. ते कुठून आले याची तिला खबर नसते. ग्लुटामेट शेवाळात आहे, पिकलेल्या टोमॅटोत आहे, आईच्या दुधात तर भरपूर आहे. इनोसिनेटचं काम करणारं ग्वानिलेट वाळवलेल्या अळिंबीत मिळतं आणि तेही शिंपल्याच्या त्याच ओठांशी बसतं. २०२१ साली जपानी संशोधकांनी निरनिराळ्या वानरवर्गीय प्राण्यांचे ग्राही तपासले, तेव्हा आणखी मजेशीर चित्र दिसलं. कीटक खाणाऱ्या छोट्या जातींमध्ये हा ग्राही मुख्यत्वे इनोसिनेटसारख्या रेणूंना प्रतिसाद देतो. पानांवर गुजराण करणाऱ्या मोठ्या जातींमध्ये तो ग्लुटामेटला संवेदनशील झाला, कारण पानांत ग्लुटामेट असतं. म्हणजे ‘मांसाची नैसर्गिक ओढ’ ज्या यंत्रणेच्या नावावर खपवली जाते, तिचा निम्मा भाग पाला खाताना घडला असावा.

ही झाली आपली बाजू. आता कोंबडीची.

जगात दरवर्षी ७० अब्जांहून जास्त कोंबड्या मांसासाठी मारल्या जातात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे पृथ्वीवरच्या सगळ्या पक्ष्यांच्या एकूण जैववस्तुमानापैकी, म्हणजे त्यांच्या शरीरांच्या एकत्रित वजनापैकी, सुमारे ७० टक्के वाटा पाळीव कोंबड्या-बदकांचा आहे. आणि ही कोंबडी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची कोंबडी राहिलेली नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात १९५७ पासून निवड न करता, म्हणजे झपाट्याने वाढणारे पक्षी वेचून पैदास न करता, जपलेला वाण आणि २००५ सालचा व्यापारी वाण एकाच खाद्यावर वाढवून पाहिले. ५६ दिवसांनी पहिल्याचं सरासरी वजन ९०५ ग्रॅम भरलं, दुसऱ्याचं ४,२०२ ग्रॅम. खाद्य तेच, दिवस तेवढेच. फरक फक्त निवडीने घडवलेल्या शरीराचा. एवढा भार कोवळ्या हाडांना पेलत नाही आणि कित्येक पक्षी लंगडू लागतात.

त्यांना ते दुखतं का? ‘कोंबडीला काय कळतंय’ असं म्हणणाऱ्यांनी ब्रिस्टल विद्यापीठातला २००० सालचा प्रयोग वाचावा. ब्रॉयलर पक्ष्यांपुढे दोन रंगांचं खाद्य ठेवलं. एकात कार्प्रोफेन हे वेदनाशामक होतं, दुसऱ्यात नव्हतं. धडधाकट पक्ष्यांपेक्षा लंगड्या पक्ष्यांनी औषधाचं खाद्य जास्त निवडलं, आणि ज्याचं लंगडणं जास्त त्याच्या पोटात औषधही जास्त गेलं. बोलता न येणाऱ्या जिवाने याहून स्पष्ट उत्तर कसं द्यावं?

पण मला सगळ्यात जास्त छळते ती या पक्ष्यांच्या आईबापांची गोष्ट. ती फारशी कुणी सांगत नाही. वजन झपाट्याने वाढावं म्हणून निवड करत गेलो, तसतशी पक्ष्याची भूकच आपण वाढवत नेली. बाजारात जाणारा पक्षी साधारण सहा आठवडेच जगतो, त्यामुळे तिथे हे खपून जातं. अंडी घालून पुढची पिढी देणाऱ्या मातृकळपाला मात्र वर्षाहून अधिक जगायचं असतं. त्याला पोटभर खाऊ दिलं तर तो स्थूल होतो, पाय आणि हृदय साथ सोडतात, अंडी घटतात. म्हणून वाढीच्या वयात त्याला मोजून खाद्य देतात. मनाप्रमाणे खाल्लं असतं त्याच्या निम्म्याहूनही कमी, काही आठवडे तर जेमतेम तिसरा हिस्सा. ते काही मिनिटांत फस्त होतं. उरलेला दिवस हे पक्षी रिकाम्या भांड्यांवर चोची मारतात, येरझाऱ्या घालतात, पाणी पीत सुटतात. पाण्याने खालचा भुसा ओला होतो म्हणून काही ठिकाणी पाण्यावरही मर्यादा घालतात.

एका बाजूला आपली तल्लफ आहे, जी शेवाळ आणि अळिंबीनेही बऱ्याच अंशी भागू शकते. दुसऱ्या बाजूला जनुकांतून लादलेली आणि मुद्दाम न भागवलेली खरीखुरी भूक आहे. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा आधार घ्यायचाच असेल, तर तो कुणाच्या बाजूला जातो?

प्रयोगशाळेतलं मांस येईल आणि हा प्रश्न आपोआप मिटेल, या भरवशावर राहू नये. डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी पेशींपासून वाढवलेलं पहिलं बर्गर लंडनमध्ये दाखवलं ते ऑगस्ट २०१३ मध्ये. इतक्या वर्षांनंतरही जगाच्या मांसात त्याचा वाटा नगण्य आहे. संथ वाढणारे वाण मात्र आजच उपलब्ध आहेत. त्यांचे पाय भार पेलतात आणि त्यांच्या मातृकळपाला इतकं उपाशी ठेवावं लागत नाही. त्यांना जास्त दिवस पोसावं लागतं, खाद्य आणि जागा जास्त लागते, म्हणून ते मांस महाग पडतं. आजच्या स्वस्त मांसात हा खर्च टळलेला नाही. तो पक्ष्याच्या अंगावर ढकलला आहे.