उजव्या जवनिकेला एवढी वर्षं कमी का लेखलं गेलं

हार्ट म्हटलं की सगळं बोलणं डाव्या बाजूचं असतं. इको रिपोर्टमधे सगळ्यात आधी इएफ बघतात, म्हणजे एका ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा, आणि तो डाव्या जवनिकेचा. उजव्या जवनिकेबद्दल, म्हणजे खालचा उजवा कप्पा, कुणी निलय म्हणतं, डॉक्टर लोक सरळ आरव्ही म्हणतात, तिच्याबद्दल एखादी ओळ आली तर आली. हे असं का झालं ते शोधायला मागे गेलं की गंमत कळते, कारण रक्ताभिसरणाचा शोधच मुळात या कप्प्याच्या प्रश्नावरून सुरू झाला होता.

आधी हा कप्पा आहे कसा ते बघू. डावी जवनिका आडवी कापली तर जाडजूड गोल दिसते, उजवी तिला चंद्रकोरीसारखी बिलगलेली असते. बाहेरची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर, डावीची साधारण १ सेंटीमीटर. वरच्या कप्प्यातून ट्रायकस्पिड व्हॉल्व्हमधून रक्त आत येतं आणि पल्मोनरी व्हॉल्व्हमधून फुफ्फुसाकडे जातं. आत स्नायूंच्या खडबडीत वळ्या असतात, आणि दोन जवनिकांमधल्या पडद्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत गेलेला एक स्नायूचा पट्टा असतो ज्याचं चित्र लिओनार्दो दा विंचीने सुद्धा काढून ठेवलंय. काम करताना आकुंचन आत येण्याच्या बाजूने सुरू होतं आणि बाहेर जाण्याच्या बाजूकडे सरकत जातं, आणि भिंत पडद्याकडे दाबली जाते, लोहाराच्या भात्यासारखी. प्रेशर किती तर साधारण २५ मिलिमीटर पारा, डावीकडे १२०. पण रक्त मात्र दोघी सारखंच ढकलतात, मिनिटाला ५ लिटरच्या आसपास, कारण एकीने कमी ढकललं तर दुसरीला मिळणार कुठून.

आता जुनी गोष्ट. दुसऱ्या शतकात गेलन या ग्रीक वैद्याने सांगितलं की रक्त अन्नापासून लिव्हरमधे तयार होतं, तिथून उजव्या जवनिकेत येतं, थोडं फुफ्फुसाच्या पोषणाला जातं आणि थोडं मधल्या पडद्यातल्या न दिसणाऱ्या छिद्रांमधून डावीकडे झिरपतं. ही छिद्रं कुणीच पाहिली नव्हती, पण त्यांच्याशिवाय त्याचा हिशोब जुळत नव्हता म्हणून ती आहेत असं मानलं गेलं आणि हजार वर्षांहून जास्त काळ ते तसंच शिकवलं गेलं.

१२४२ मधे इब्न अल-नफीस या अरब वैद्याने स्पष्ट लिहिलं की हा पडदा जाड आहे, त्यातून वाट नाही, रक्त उजवीकडून फुफ्फुसात जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि मग डावीकडे येतं. मला हे वाक्य त्या काळातलं सगळ्यात धाडसी वाटतं. पण युरोपातल्या डॉक्टरांना ते माहीत असल्याचं दिसत नाही, आणि त्याचं हस्तलिखित बर्लिनच्या लायब्ररीत एका इजिप्शियन डॉक्टरला सापडलं ते थेट १९२४ मधे. युरोपात मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश डॉक्टरने १५५३ मधे तीच वाट लिहिली, ती पण धर्मावरच्या पुस्तकात, आणि त्या पुस्तकातल्या धर्ममतांमुळे त्याच वर्षी त्याला जिनिव्हात जिवंत जाळलं. शरीररचनेचा अभ्यासक व्हेसेलियसने १५४३ मधे छिद्रांबद्दल आश्चर्य दाखवलं आणि १५५५ च्या आवृत्तीत उघड शंका घेतली, त्याच क्षेत्रातल्या रेआल्दो कोलंबोचं पुस्तक १५५९ चं, त्यातही रक्त फुफ्फुसातूनच जातं असं आहे.

मग इंग्लिश डॉक्टर विल्यम हार्वी. रक्त शरीरभर फिरत राहतं हे सांगणारं त्याचं १६२८ चं पुस्तक सगळ्यांना माहीत असतं, पण मला त्याचा नंतरचा एक प्रयोग जास्त आवडतो, १६५१ च्या पत्रात त्याने तो सांगितलाय. मेलेल्या माणसाच्या हृदयात फुफ्फुसाकडे जाणारी रक्तवाहिनी बांधून टाकली, डावी जवनिका उघडी ठेवली आणि उजवीत जोराने पाणी भरलं. उजवी टम्म फुगली, पण डावीकडे थेंबसुद्धा आला नाही. संपला छिद्रांचा विषय. उरलेला दुवा म्हणजे फुफ्फुसातल्या केशवाहिन्या, त्या माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाला १६६१ मधे बेडकाच्या फुफ्फुसात मायक्रोस्कोपखाली दिसल्या.

इथून पुढे उजवी जवनिका मागे पडत गेली. वाट कळली होती, आणि जोर तर डावीचाच जास्त दिसत होता. १९२९ मधे वेर्नर फोर्समन या जर्मन डॉक्टरने स्वतःच्या हातातल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यापर्यंत नेला, पुढे कूर्नां आणि रिचर्ड्सने याच पद्धतीने उजव्या बाजूची प्रेशर मोजली, तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं. म्हणजे मोजमाप हातात होतं. पण १९४३ मधे आयझॅक स्टार या अमेरिकन डॉक्टरने कुत्र्यांमधे उजव्या जवनिकेची बाहेरची भिंत डागून निकामी केली तरी शिरांमधलं प्रेशर फारसं वाढलं नाही, आणि यावरून बऱ्याच जणांनी समजून घेतलं की हा कप्पा म्हणजे नुसता रस्ता आहे, नसला तरी चालेल. १९६८ मधे फ्रान्समधे फ्रान्सिस फोंतां या सर्जनने ट्रायकस्पिड व्हॉल्व्ह जन्मतःच बंद असलेल्या पेशंटमधे शिरांचं रक्त उजव्या जवनिकेला वगळून फुफ्फुसाकडे वळवलं, १९७१ मधे ते छापलं, आणि काही पेशंट जगले. मग तर तो समज अजूनच पक्का झाला.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. स्टारने बाहेरची भिंत डागली होती, पण पडदा आणि डावी जवनिका धडधाकट होती, आणि उजवीच्या प्रेशरमधला साधारण २० ते ४० टक्के वाटा डावीच्या आकुंचनातून येतो, बराचसा त्याच पडद्यामार्फत. ज्या पडद्यातून रक्त जातं असं गेलनला वाटत होतं त्यातून रक्त नाही पण जोर मात्र खरंच जातो! शिवाय त्या कुत्र्यांची फुफ्फुसं निरोगी होती, समोर अडथळाच नव्हता. तोच अडथळा अचानक आला, समजा फुफ्फुसाच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर ही पातळ भिंत लगेच हार मानते, फुगते, पडद्याला डावीकडे ढकलते आणि मग डावी पण नीट भरत नाही, बीपी कोसळतं. पातळ भिंत हा तिचा दोष नाही, कमी प्रेशरवर भरपूर रक्त घ्यायला ती तशीच लागते.

१९७४ मधे डॉक्टर जे. एन. कोन आणि सहकाऱ्यांनी उजव्या जवनिकेच्या हार्ट अटॅकचं वेगळं चित्र मांडलं, बीपी कमी, मानेच्या शिरा फुगलेल्या, पण फुफ्फुसं स्वच्छ, म्हणजे त्यात पाणी साठलेलं नाही. अशा पेशंटला जिभेखालची नायट्रोग्लिसरीन देणं धोक्याचं ठरू शकतं कारण आधीच कमी भरणारा कप्पा अजून रिकामा होतो, उलट बऱ्याचदा सलाईन द्यावं लागतं. हे फरक कळायला १९७४ उजाडावं लागलं याचं मला खरंच वाईट वाटतं. २००१ मधे तर असं दिसलं की गर्भात उजवी जवनिका मुख्यतः पेशींच्या वेगळ्याच गटातून बनते, म्हणजे ती डावीची छोटी कॉपी नाहीच.

आणि फोंतांचे पेशंट? ऑपरेशनने हजारो मुलं वाचली आणि मोठी झाली, ते मोलाचंच आहे. पण ढकलणारा कप्पा नसल्यामुळे त्यांच्या शिरांमधलं प्रेशर कायम चढं राहतं, आणि वर्षानुवर्षं तो ताण साठत जातो लिव्हरवर, म्हणून आता या लोकांच्या हृदयाबरोबर लिव्हरची पण आयुष्यभर तपासणी करत राहतात.