पित्ताचा जंतू मारला की शुगर जाते का?

परवा फॅमिली ग्रुपवर मावशीचा फॉरवर्ड आला, "पोटातला एक जंतू मारा, डायबिटीस कायमचा विसरा", आणि खाली लवंग-ओव्याच्या काढ्याची कृती. एरवी असलं काही आलं की मी न वाचता पुढे जातो, पण ह्यावेळी थांबलो, कारण ह्यातलं जंतूचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाहीये. काढ्याबद्दल मात्र न बोललेलं बरं.

तर हा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टर लोक नुसतं एच. पायलोरी म्हणतात. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन ह्यांनी १९८२ मध्ये तो लॅबमध्ये वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीमुळे प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून! अल्सर तिखटाने आणि टेन्शनने होतो असं तेव्हा सगळे धरून चालायचे, मार्शलचं कोणी ऐकेना, शेवटी १९८४ मध्ये त्याने ह्या जंतूंचं मिश्रण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं. आपल्याकडे अजूनही "पित्त झालंय" म्हणायचं, इनो मारायचं आणि कामाला लागायचं.

जठरातल्या ॲसिडमध्ये हा टिकतो कसा, तर युरीएझ नावाच्या एन्झाइमने युरियाचा अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं ॲसिड मारून टाकतो. दोन वर्षांपूर्वी माझी एंडोस्कोपी झाली तेव्हा डॉक्टरांनी जठराचा मोहरीएवढा तुकडा पिवळ्या जेलच्या छोट्या किटमध्ये टाकला आणि थोड्या वेळाने ते पिवळं चक्क गुलाबी झालं. तो रंग अमोनियामुळे बदलला, म्हणजे पाहुणे घरात आहेत.

आता शुगरशी ह्याचा काय संबंध? इथे मला सगळ्यात आवडणारा भाग येतो, जरा धीर धरा. इन्सुलिन म्हणजे पेशीचं कुलूप उघडणारी चावी असं आपल्याला सांगतात, पण मला ती दारावरची बेल वाटते. इन्सुलिन आत जाऊन साखरेसाठी दार उघडत नाही, पेशीच्या बाहेरच्या रिसेप्टरवर, म्हणजे बेलच्या बटणावर, बेल वाजवतं. ती ऐकून निरोप आत पोचवणारं एक प्रोटीन असतं, आयआरएस-१. रिसेप्टर त्याच्या टायरोसिन नावाच्या जागांवर फॉस्फेट चिकटवतो, मग पीआय-३ कायनेज, मग एकेटी अशी निरोप पुढे देणाऱ्या प्रोटीनांची साखळी चालते, आणि शेवटी स्नायूच्या पेशीत आत ठेवलेली ग्लूट-४ नावाची दारं पृष्ठभागावर येतात आणि साखर आत शिरते. शरीरात कुठेही सूज धुमसत असली की टीएनएफ-अल्फासारखे निरोपे रक्तात फिरतात, ते पेशीत जेएनके वगैरे एन्झाइम जागे करतात, आणि ही मंडळी त्याच आयआरएस-१ वर फॉस्फेट चिकटवतात, पण भलत्या जागी, सेरीनवर. बेल वाजतेय, घरातल्याने ऐकलीय, पण उठून सांगायला जात नाही! ह्यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात (निदान त्याचा एक प्रकार). लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा वाढलेला असतो आणि तो अडवला की इन्सुलिन पुन्हा नीट चालतं, हे हार्वर्डच्या होतामिशलिगिल आणि स्पीगलमन ह्यांच्या टीमने १९९३ मध्ये दाखवलं होतं. एच. पायलोरीची सूज बारीक पण वर्षानुवर्षं चालणारी, लहानपणी शिरला की औषध न घेता सहसा जात नाही, म्हणून संशय त्याच्यावर.

पुरावा काय? कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो भागातल्या ६० च्या पुढच्या, डायबिटीस नसलेल्या ७८२ लॅटिनो लोकांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं, २०१२ मध्ये निकाल आला: एच. पायलोरीची लागण झालेल्यांत नव्याने डायबिटीस होण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या सुमारे २.७ पट. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या यू चेन आणि मार्टिन ब्लेझर ह्यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात जंतूवाल्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) जास्त दिसलं. पण इतर काही अभ्यासांत असं काहीच सापडलं नाही, आणि जंतू मारल्यावर शुगर उतरते का ह्याचे निकालही असेच उलटसुलट आहेत. दाटीवाटीची घरं, गरिबी, वय ह्या गोष्टी जंतू आणि डायबिटीस दोन्हींच्या मागे असतात, त्या वेगळ्या काढणं सोपं नाही.

अजून एक गोची मला फार गमतीची वाटते. एच. पायलोरीमुळे लोह कमी होऊ शकतं, आणि लोह कमी असलं की साखर तेवढीच असूनही एचबीए१सी थोडं जास्त दिसू शकतं! आपल्याकडे बायकांमध्ये ॲनिमिया इतका आहे की रिपोर्ट बघताना हिमोग्लोबिनचा आकडाही शेजारी ठेवलेला बरा.

म्हणून नुसत्या शुगरसाठी हा जंतू मारायच्या गोळ्या घेऊ नका. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी, बहुतेक वेळा १४ दिवस, तोंडाला पितळेसारखी चव (मी भोगलीय), आणि त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन ह्या नेहमीच्या अँटिबायोटिकला तर हा जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देईनासा झालाय. अल्सर असेल, पित्त हटतच नसेल, तर टेस्ट जरूर करा, श्वासाची किंवा शौचाची. फक्त ॲसिडची गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, तीसुद्धा डॉक्टरांना विचारून, नाहीतर जंतू पोटात असून रिपोर्ट निगेटिव्ह येतो. मावशी ती गोळी रोज सकाळी चहाआधी घेते, म्हणून ग्रुपवर फक्त ह्या गोळीचं तेवढं लिहिलं.