उन्हातले क्रिकेट छायाचित्रण : एक्स्पोजरचे नियंत्रण

दिवसाच्या सामन्याचे फोटो काढताना ते किती उजळ येतील (म्हणजे एक्स्पोजर) हे शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहते), अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) आणि आयएसओ (सेन्सरवर पडलेला प्रकाश कॅमेरा किती वाढवून दाखवतो) यांवर ठरते. भर उन्हात प्रकाशाची कमतरता नसते. अडचण असते ती पांढरे कपडे आणि हेल्मेटखालचा अंधार एकाच चौकटीत सांभाळण्याची.

आधी शटर ठरवावे. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू १/१००० सेकंदात जवळजवळ ४ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त. १/४००० ला तो सुमारे १ सेंटिमीटरच सरकतो. धावणाऱ्या क्षेत्ररक्षकाला १/१००० पुरते, फटक्यासाठी १/२००० च्या खाली उतरू नये. बाकीचा हिशेब ‘सनी सिक्स्टीन’ या जुन्या नियमाने आजही जमतो: स्वच्छ उन्हात, एफ/१६ ला, आयएसओ ४०० असेल तर शटर १/४००. तेवढेच एक्स्पोजर एफ/५.६ ला १/३२०० ने मिळते.

फसवतो तो मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग. समोरचे सगळे सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो. चौकटीत पांढरे कपडे भरले की तो फोटो अंडर (प्रमाणापेक्षा काळा) करतो आणि कपडे मळकट दिसतात. तोच फलंदाज सावलीतल्या प्रेक्षागृहासमोर आला की फोटो ओव्हर (प्रमाणापेक्षा उजळ) होतो, पांढरा जळतो, शर्टाच्या चुण्याही उरत नाहीत. ऊन मात्र दोन्ही वेळी तेच असते. म्हणून इथे मॅन्युअल मोडच वापरावा, म्हणजे तिन्ही आकडे स्वतः ठरवावेत. उन्हातल्या हिरवळीवर रीडिंग घ्यावे, कारण तिची छटा करड्याच्या जवळपास असते. मग पांढऱ्या कपड्यांचा एक फोटो काढून पाहावा. हायलाइटचा इशारा (जळलेला पांढरा भाग पडद्यावर लुकलुकणे) दिसला तर एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली यावे आणि आकडे तसेच ठेवावेत. चहापानानंतर ऊन उतरू लागले की पुन्हा तपासावे.

दुपारी टोपीखालचा चेहरा शर्टापेक्षा कितीतरी काळा पडतो. रॉ फाइलमधून (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) सावली बरीच उजळता येते, पण पूर्ण जळलेला पांढरा परत येत नाही. तेव्हा आधी शर्ट राखावा. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन बसल्यास ऊन टोपीखालीही पोचते.

ढगाळ दिवशी मात्र मॅन्युअलचे ठरलेले आकडे टिकत नाहीत. १९४८ पासूनची मुंबईची कांगा लीग ही पावसाळी क्रिकेटची स्पर्धा म्हणून ओळखली जाते. अशा हवेत ऊन सारखे येते-जाते. तिथे शटर आणि अ‍ॅपर्चर कायम ठेवून आयएसओ ऑटोवर सोडावा, आणि चौकटीत पांढरे जास्त असेल तर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात आपण केलेली दुरुस्ती) सुमारे एक स्टॉप वाढवावे.

गोलंदाजाच्या धावेबरोबर कॅमेरा फिरवून पार्श्वभूमी पुसट करायची असेल, तर १/६० सारखे संथ शटर लागते. भर उन्हात आयएसओ १०० ला त्यासाठी एफ/२० च्या आसपास जावे लागते, आणि इतक्या लहान छिद्रातून फोटोची धार बोथटते. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोर लावायची, प्रकाश कमी करणारी काच) लावला की हेच काम एफ/७.१ वर होते.