जंजाल (जड बंदूक)

तट, बुरूज, गलबताचा काठ किंवा लाकडी तिकाटणे यांवर टेकवून उडवायची लांब नळीची, मोठ्या तोंडाची बंदूक. खांद्याला लावायच्या बंदुकीहून ती जड असते आणि गाड्यावरच्या तोफेहून हलकी. नळीची लांबी साधारणतः ६ ते ८ फूट आणि गोळी सुमारे एक इंच व्यासाची असे, पण ठरावीक माप असे नव्हते. एकजण नेम धरी, दुसरा दारू ठासून जामगी (बार पेटवायची जळती वात) सांभाळी. नुसता माणूस टिपायचा तर साधी बंदूक पुरे. मोर्चाची लाकडी आड फोडणे, तोफेजवळचे गोलंदाज हुसकावणे, होडीच्या फळ्या भेदणे ही कामे जंजालीची. आज ‘अँटी-मटेरियल रायफल’ म्हणजे सामग्रीभेदी बंदूक म्हणून जे हत्यार ओळखले जाते त्याचेही काम याच जातीचे आहे, म्हणून येथे दोहोंचा विचार एकत्र केला आहे. हे साम्य कामाचे आहे, वंशाचे नव्हे. जंजालीपासून आधुनिक रायफलीपर्यंत सरळ परंपरा दाखवण्याचा मोह टाळलेला बरा.

शब्द. ‘जंजाल’, ‘जंजाळ’, ‘जेजाल’ असे उच्चारभेद आढळतात. संसाराचे जंजाळ या अर्थाच्या शब्दाशी या शब्दाचा संबंध जोडण्यास आधार नाही. ‘जंजीर’ (साखळी) व ‘जंजिरा’ (अरबी ‘जझीरा’, बेट) यांच्याशीही तो नाही, जरी कोकणपट्टीत हे तिन्ही शब्द एकाच किल्ल्याच्या वर्णनात शेजारीशेजारी येऊ शकतात. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशापासून रूढ झालेले मत असे की, मूळ शब्द अरबी ‘जझाइल’ असून त्यात मोठेपणाचा, जाडपणाचा अर्थ आहे. अफगाणांची लांब नळीची ‘जझाइल’ बंदूक याच शब्दाची. ध्वनिदृष्ट्या हे पटण्यासारखे आहे. मात्र अफगाण जझाइल खांद्यावरून, फार तर दुबेळक्याच्या आधाराने उडवीत, तर जंजाल ही मुख्यतः तटावरची. तेव्हा नाव एक असले तरी वस्तू एकच मानू नये. इंग्रजांनी हाच शब्द ‘जिंजाल’ करून चीनपर्यंत नेला आणि पहिल्या अफूयुद्धापासून (१८३९–४२) १९०० च्या बॉक्सर उठावापर्यंत तेथील दोन माणसांनी उडवायच्या जड बंदुकांना तो लावला.

नात्यातले इतर शब्द मात्र निर्विवाद आहेत. ‘जंबुरा’ (हलकी फिरती तोफ) हा फारसी ‘झंबूर’ म्हणजे गांधीलमाशी यावरून आला. ‘शुतुरनाळ’ (मराठीत सुतरनाळ) उंटावरची, ‘गजनाळ’ हत्तीवरची. अकबराच्या शस्त्रागाराचे वर्णन करताना अबुल फझलने गजनाळीबरोबर ‘नरनाळ’ही सांगितली आहे, ती एका माणसाला वाहून नेता येई. म्हणजे हत्याराचे वर्गीकरण तोंडाच्या मापावर नव्हे, तर ते कोण उचलतो यावर केलेले होते. हा निकष आजही अगदीच निरुपयोगी ठरलेला नाही.

गोमंतकीय बंदूक व तिच्या उगमाचा वाद. गोव्याच्या संदर्भात सर्वांत जास्त लिहिले गेले आहे ते बंदुकीच्या चापाबद्दल, म्हणजे जामगी कानावर (दारू पेटवायच्या छिद्रावर) कशी पडते याबद्दल. हिंदुस्थानी तोड्याच्या (जामगीने उडवायच्या) बंदुकीत चाप दाबला की जामगी धरणारा घोडा बोटाच्या जोरावर हळूहळू खाली येतो. बोट सैल केले की मागे जातो. गोमंतकीय किंवा ‘इंडो-पोर्तुगीज’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात घोडा आधी ताणून अडकवलेला असतो आणि चाप दाबताच कमानीच्या (स्प्रिंगच्या) जोराने एकदम आपटतो. बार लवकर निघतो, नेम कमी हलतो. हीच रचना मलायी मुलखात आणि जपानमध्ये दिसते, आणि जपानी बंदुकीत ती एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली.

ही रचना कोठली? आफोंसो द आल्बुकेर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवे आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा व कायमचे घेतले. डिसेंबर १५१३ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तो गोव्याच्या बंदूक घडवणाऱ्या कारागिरांची वाखाणणी करतो. ते बोहेमियातल्या इतक्या चांगल्या बंदुका करतात, नळीच्या मागच्या तोंडाला मळसूत्री बूच बसवतात, असे सांगून तो नमुने व एक कारागीर पाठवत असल्याचे कळवतो. वादाची सगळी इमारत मुख्यतः या पत्रावर उभी आहे.

एक मत असे की, कमानीचा चाप बोहेमिया व न्यूरेंबर्गकडचा. तो लिस्बनमार्गे गोव्यात व गोव्याहून पूर्वेकडे गेला. दुसरे मत नेमके उलट. पोर्तुगीज येण्याआधी आदिलशाही गोव्यात जहाजे बांधली जात होती, तोफा होत्या, ‘रूमी’ म्हणजे तुर्की मुलखातले लोक चाकरीला होते. शहर घेऊन जेमतेम तीन वर्षे झाली असता युरोपच्या तोडीचे काम करणारे कारागीर तयार झाले असे मानण्यापेक्षा ते आधीपासून होतेच असे मानणे सोपे जाते. तिसरे मत पोर्तुगीज शस्त्रसंग्राहक राइनर देनहार्ट यांनी हिरिरीने मांडले: दोन्ही कसब गोव्यात एकत्र आले आणि त्यातून तिसराच प्रकार जन्मला.

पहिल्या मताची अडचण नळीत आहे. या वर्गातल्या चांगल्या नळ्यांची घडण पूर्वेकडची आहे, लोखंडाच्या पट्ट्या पिळून, तापवून, एकजीव केलेली. दुसऱ्या मताची अडचण चापात आहे. रूमी कारागिरांनीच कमानीचा चाप आणला असता तर दख्खन व उत्तर हिंदुस्थानातल्या बंदुकांतही तो दिसायला हवा होता. तेथे मात्र बोटाच्या जोरावर चालणारा चापच शेवटपर्यंत राहिला. नळी पूर्वेची आणि चाप पश्चिमेचा, हे तिसरे मत वस्तूंशी अधिक जुळते. त्यातही ‘गोवा’ हे नाव एका कारखान्याचे न समजता बंदराचे, देवघेवीचे नाव समजावे. काळाबद्दल सावध राहिले पाहिजे. या बंदुकांवर वर्ष कोरलेले क्वचितच सापडते. त्यामुळे ‘सोळाव्या शतकाचा आरंभ’ म्हणण्यापेक्षा ‘सोळावे–सतरावे शतक’ म्हणणे सुरक्षित.

जपानची कथा याच वादाचे दुसरे टोक आहे. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर एका चिनी जहाजातून पोर्तुगीज उतरले आणि त्यांच्या बंदुकी तेथल्या सरदाराने विकत घेतल्या, असे १६०६ मधली जपानी बखर सांगते. स्थानिक लोहाराला नळी जमली, पण मागचे तोंड बंद करणारे मळसूत्र जमेना. पुढल्या खेपेस आलेल्या परक्या कारागिराकडून ते शिकून घेतले, अशी परंपरा आहे. १५१३ च्या पत्रातही नेमका मळसूत्राचाच उल्लेख असावा हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्या नळीचे बूच मळसूत्राने घट्ट बसते तिच्यात जास्त दारू निर्धास्तपणे ठासता येते, आणि जड बंदूक शक्य होते ती तेथून. जपानातही पुढे किल्ल्याच्या भोकांतून उडवायच्या लांब, जड बंदुका झाल्या. आपल्याकडच्या जंग्यांमागे (तटातल्या मारगिरीच्या भोकांमागे) बसणाऱ्या जंजालीशी त्यांची तुलना करता येते.

तोफा ओतण्याचे कामही गोव्यात चाले. मकावमध्ये सतराव्या शतकात नावारूपाला आलेला तोफओतारी मानुएल ताव्हारेस बोकारो हा गोव्यातल्या ओतारी घराण्यातला. वडील पेद्रू दियश बोकारो गोव्यात हेच काम करीत. बंदुकीची दारू जुने गोवे व रायबंदर यांच्या मधल्या पणेली येथे तयार होई आणि तिथल्या दारूखान्याच्या नावानेच पुढे व्हाइसरॉयांचा वाडा ओळखला जाऊ लागला.

तटावरचा उपयोग. गोव्याचे किल्ले बहुतेक नदीच्या मुखांवर आहेत. मांडवीचे पात्र अरुंद होते तेथे रेइश मागूश (१५५१), समुद्राच्या तोंडाशी आग्वाद (१६१२), उत्तरेस शापोरा व तेरेखोल. मोठ्या तोफा जहाजांसाठी. त्यांना वळवायला, पुन्हा भरायला वेळ लागे. तटाच्या पायथ्याशी आलेल्या होड्या व शिड्या तोफेच्या माऱ्याच्या टप्प्याखाली असल्याने सुटत. ही मधली जागा जंजाल आणि पोर्तुगीजांचे ‘बेर्सू’ भरून काढीत. बेर्सू ही खुंटीवर फिरणारी, मागून भरायची छोटी तोफ. दारू भरलेले सुटे पेले तयार ठेवले की एकामागून एक बार काढता येत. भूमीकडच्या वेढ्यांतही अशा हत्यारांचे मोल कळते. नोव्हेंबर १६८३ मध्ये व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने फोंड्याच्या कोटाला वेढा घालून तट फोडला. येसाजी कंक व त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी तो लढवला आणि संभाजीराजे येऊन पोचताच वेढा उठला. तट फुटल्यावरची लढाई भगदाडाच्या तोंडाशी होते. तेथे तोफ फिरवायला जागा नसते आणि साधी बंदूक अपुरी पडते.

धक्का कोठे जातो. या वर्गातल्या सगळ्या हत्यारांचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: गोळी जड केली की मागे बसणारा धक्का कोणी सोसायचा? जंजालीत तो तट सोसतो. नळीखालची खुंटी किंवा आकडा दगडात अडकवला की उडवणारा फक्त नेम धरतो. पोर्तुगीज ‘आर्काबुझ’ हा शब्दही मुळात ‘आकड्याची बंदूक’ अशा अर्थाच्या उत्तर युरोपीय शब्दावरून आला. युरोपात तटावरच्या बंदुका एकोणिसाव्या शतकातही होत्या; फ्रान्सची १८३१ ची मागून भरायची तटबंदूक प्रसिद्ध आहे.

त्याच शतकात सामग्रीवर झाडायच्या गोळीचा प्रश्न कायद्यापर्यंत पोचला. रशियाने १८६३ मध्ये दारूगोळ्याच्या गाड्या उडवण्यासाठी कठीण पृष्ठभागावर फुटणारी गोळी काढली. १८६७ मध्ये ती मऊ पृष्ठभागावरही फुटेल अशी बदलण्यात आली. म्हणजे ती माणसाच्या अंगातही फुटणार, हे ओळखून रशियानेच परिषद बोलावली. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने ४०० ग्रॅमहून हलका स्फोटक गोळा वापरण्यास मनाई केली. सही करणाऱ्यांत पोर्तुगाल होता. त्यामुळे सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसांतल्या युद्धापुरती ही मर्यादा तेव्हाच्या गोव्यातल्या फौजेलाही लागू होती.

रणगाडारोधी रायफल. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणांगणावर रणगाडे प्रथम उतरले आणि जड बंदुकीला नवे लक्ष्य मिळाले. जर्मनीची १९१८ ची माउझर ‘टँकगेवेअर’ १३.२ मि.मी.ची होती, एका वेळी एकच गोळी घेई. धक्का कमी करण्याची कोणतीही सोय नव्हती. तो सारा खांद्यावर येई. ब्रिटिशांच्या ‘बॉइज’ रायफलीत (१९३७, ०.५५ इंच, वजन सुमारे १६ किलो) नळी मागे सरकण्याची योजना व तोंडाशी धक्का कमी करणारा जोड आला. सोव्हिएत संघाने १९४१ मध्ये १४.५ मि.मी.च्या देग्त्यारेव व सिमोनोव रायफली काढल्या. त्यांची ६४ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे १,००० मीटर वेगाने जाई. फिनलंडची २० मि.मी.ची ‘लाहटी’ जवळजवळ ५० किलोची, आणि बर्फावर तिच्याखाली घसरपट्ट्या बसवीत. तोवर रणगाड्याचे कवच जाड झाले होते. १९४२ नंतर बझूकासारखी पोकळ स्फोटकाची हलकी अस्त्रे आली आणि हा प्रकार मागे पडला.

अँटी-मटेरियल रायफल. नवे लक्ष्य जुन्या हत्याराला पुन्हा घेऊन आले: रडार, उभे विमान, दळणवळणाची साधने, पातळ पत्र्याची वाहने, दुरून निकामी करायचे सुरुंग. यांना रणगाड्याएवढे कवच नसते. अमेरिकेत टेनेसी राज्यातील छायाचित्रकार रॉनी बॅरेट यांनी १९८२ मध्ये ०.५० इंची (१२.७ × ९९ मि.मी.) अर्धस्वयंचलित रायफल बनवली. स्वीडनने १९८९ मध्ये ती घेतली आणि १९९०–९१ च्या आखाती युद्धात अमेरिकी मरीन दलाने वापरली. येथे धक्का तिघांत वाटला जातो: नळी कमानीवर मागे सरकते, तोंडाचा जोड वायू मागे-बाजूला फेकतो, उरलेला खांद्याला. वजन १३–१४ किलो, मारा वाहनाएवढ्या लक्ष्यावर सुमारे १,८०० मीटर.

क्षमतेचा अंदाज उर्जेच्या आकड्यांवरून येतो. पायदळाच्या ७.६२ मि.मी. गोळीत सुमारे ३,५०० ज्यूल, १२.७ मि.मी.मध्ये सुमारे १७,००० ज्यूल, १४.५ मि.मी.मध्ये ३२,००० ज्यूलच्या आसपास. पोलाद किती भेदले जाईल हे मात्र गोळीचा गाभा, अंतर आणि आघाताचा कोन यांवर ठरते. जाहिरातीतले आकडे बहुधा लंबरूप आघाताचे असतात. फार दूरच्या नेमांची नोंद (कॅनडाच्या नेमबाजाने २०१७ मध्ये ३,५४० मीटर) कौशल्याचे माप आहे, हत्याराच्या रोजच्या पल्ल्याचे नव्हे.

दक्षिण आफ्रिकेची एनटीडब्ल्यू-२० ही २० व १४.५ मि.मी. अशा दोन मापांत नळी बदलून वापरता येते. तिच्या धर्तीवर तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीने ‘विध्वंसक’ तयार केली. तिला १२.७, १४.५ व २० मि.मी. अशा तीन मापांच्या नळ्या बसतात आणि ती दोन भागांत सुटी करून दोघे वाहून नेतात. सीमा सुरक्षा दलाने ती घेतली आहे. मोठ्या मापाची रायफल माणसावर चालवणे मुळातच बेकायदा आहे, हा समज बराच पसरलेला आहे. तो बरोबर नाही. गोळीचा व्यास कायद्याने बांधलेला नाही. वाद आहे तो फुटणाऱ्या गोळीचा. नॉर्वेत विकसित झालेली, कवच भेदून आत पेट घेणारी व फुटणारी १२.७ मि.मी.ची गोळी ४०० ग्रॅमच्या मर्यादेच्या कितीतरी खाली बसते. ती कठीण पृष्ठभागासाठीच आहे असे उत्पादक पक्ष म्हणतो. ती मऊ लक्ष्यातही फुटते का, हा प्रश्न रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने उपस्थित केला. १८६७ मध्ये रशियन अधिकाऱ्यांपुढेही हाच प्रश्न होता.