द्येन्गी

द्येन्गी हा रशियन भाषेतील ‘पैसे’ या अर्थाचा शब्द. मराठीत ‘पैसा’ हे एका नाण्याचे नाव आणि ‘पैसे’ म्हणजे एकूणच धन. रशियनमध्येही अगदी तसेच घडले. ‘द्येन्गा’ हे चांदीचे नाणे, त्याचे अनेकवचन ‘द्येन्गी’. नाणे गेले, अनेकवचन तेवढे उरले.

शब्द तुर्की कुळातला आहे. तातारमधील ‘तेंके’, कझाकमधील ‘तेंगे’ ही त्याची भावंडे. रशियन राजे गोल्डन होर्ड या मंगोल राज्याच्या खानांचे मांडलिक होते आणि खंडणी चांदीत भरत, त्या काळात तो रशियनमध्ये शिरला. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात मॉस्कोच्या दिमित्री दोन्स्कोयने स्वतःची द्येन्गा पाडली. तिच्या काही नमुन्यांवर एका बाजूला राजाचे नाव रशियनमध्ये, तर दुसऱ्या बाजूला अरबी लिपीत तोख्तामिश खानाचे नाव आहे. याच खानाने १३८२ मध्ये मॉस्को लुटले होते! सहा द्येन्गांचा एक ‘अल्तिन’ होई. तुर्कीत ‘अल्ती’ म्हणजे सहा, त्यावरून हे नाव पडले असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर नाण्यांबरोबर मोजणीही उसनी आली.

१५३५ च्या चलनसुधारणेत भालाधारी स्वाराची जड द्येन्गा पाडली गेली. भाल्याला रशियनमध्ये ‘कोप्यो’ म्हणतात, त्यावरून तिला ‘कोपेक’ नाव पडले, असे सहसा सांगितले जाते. तलवारधारी स्वाराची हलकी द्येन्गा अर्ध्या कोपेकची झाली.

सगळ्या स्लाव्ह भाषांनी हा शब्द घेतला नाही. युक्रेनियन ‘ह्रोशी’ म्हणते, तो पश्चिमेकडून आलेला. बल्गेरियन ‘पारी’ म्हणते. तो ऑटोमन ‘पारा’ या नाण्यावरून. ज्याचे राज्य त्याचे नाणे, हेच खरे.

तुर्कीच्याही मागे हा शब्द कुठून आला, यावर एकमत नाही. काही अभ्यासक तो संस्कृत ‘टंक’शी जोडतात, काही ‘समान, तोल’ या अर्थाच्या तुर्की ‘तेंग’शी. पहिले मत ग्राह्य धरले, तर आपली ‘टांकसाळ’ आणि ‘टका’ हे द्येन्गीचे नातलग ठरतात. पोर्तुगीज गोव्यात रुपयाचे सोळा ‘तांगा’ होत, तेही याच गोतावळ्यातले.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर कझाकस्तानने १५ नोव्हेंबर १९९३ रोजी रुबल सोडून स्वतःचे चलन आणले. त्याचे नाव ‘तेंगे’.