कॅम कव्हरवरचे मोठे ब्रीदर: पार्श्वभूमी

ब्रीदर म्हणजे इंजिनच्या आत साठणारा वायू बाहेर सोडणारं तोंड, आणि कॅम कव्हर म्हणजे इंजिनचं वरचं झाकण. जुन्या गाड्यांत क्रँककेसमधून (इंजिनचा खालचा, क्रँकशाफ्टचा भाग) एक नळी सरळ खाली रस्त्याकडे सोडलेली असे. तिचं टोक तिरकं कापलेलं असायचं. गाडी पळाली की वाऱ्याने तिथे ओढ तयार व्हायची आणि आतला वायू बाहेर पडायचा. गाडी उभी असली की ओढ नाही. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या रणगाड्यांना अशी उघडी नळी परवडणारी नव्हती, म्हणून हा वायू इंजिनच्याच इनटेकमध्ये खेचण्याची पद्धत तिथे वापरली गेली. साध्या गाड्यांत ती १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, तीही कॅलिफोर्नियातल्या धुरक्यामुळे.

मोठ्या ब्रीदरची गरज मात्र टर्बोने निर्माण केली. बूस्ट (टर्बोने दाबून दिलेली हवा) नसताना इनटेक मॅनिफोल्डमधली, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधली ओढ पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा वायू इनटेककडे सोडणारी झडप) ब्लो-बाय, म्हणजे पिस्टनच्या कडेने क्रँककेसमध्ये उतरणारा वायू, खेचून घेते. बूस्ट आलं की मॅनिफोल्डमध्येच दाब येतो, व्हॉल्व्ह बंद होतो. म्हणजे ब्लो-बाय सर्वात जास्त असतो नेमकं तेव्हाच दोनपैकी एक वाट बंद. उरलेला सगळा भार कॅम कव्हरवरून टर्बोच्या आधीच्या पाइपात जाणाऱ्या नळीवर पडतो. मूळ ताकदीला ती पुरते. बूस्ट वाढवलं की आत दाब साठून डिपस्टिक वर उचलली जाते, सील गळू लागतात, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) आतून तेलकट होतो.

१९८९ मध्ये आलेलं निसानचं सहा सिलिंडरचं आरबी२६ इंजिन हे याचं ठळक उदाहरण. वरच्या आरपीएमवर सतत चालवलं की हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) तेल साठतं, कारण तेल ज्या वाटांनी खाली यायचं त्याच वाटांनी वायू वर चढत असतो. साठलेलं तेल मग ब्रीदरमधून बाहेर. त्यामुळे हेडकडे जाणारं तेल कमी करणं, हेडच्या मागून सम्पपर्यंत (खालच्या तेलाच्या भांड्यापर्यंत) वेगळी नळी टाकणं आणि कॅम कव्हरवर मोठे ब्रीदर बसवणं ही तीन कामं जोडीने होऊ लागली. माझ्या मते तिसरं काम सगळ्यात कमी महत्त्वाचं, पण बॉनेट उघडल्यावर दिसतं तेच.

आता ब्रीदरच्या पाइप-फिटिंगच्या नंबरांचा घोळ. ‘दहा नंबर लाव’, ‘बारा नंबर लाव’ असं सगळे म्हणतात. हे आकडे अमेरिकी लष्कर आणि नौदलाच्या विमानांसाठी ठरवलेल्या सामाईक मापातून आले. आकडा म्हणजे धातूच्या नळीचा बाहेरचा व्यास, इंचाच्या सोळाव्या भागात. १० म्हणजे ५/८ इंच, १२ म्हणजे ३/४ इंच. मिलिमीटरशी त्याचा काही संबंध नाही. होजपाइपला तोच आकडा लावला, की आतलं भोक त्याहून लहान निघतं: दहाचं साधारण १४ मिमी, बाराचं साधारण १७ मिमी. उलट कंपनीचा रबरी पाइप मोजतात तो आतून. म्हणजे १६ मिमीचा मूळ पाइप काढून ऐटीत दहा नंबर बसवणाऱ्याने प्रत्यक्षात वाट लहान केलेली असते! त्यात ९० अंशाचा अरुंद एल्बो असला तर विचारूच नका.

फिटिंग कव्हरमध्ये फिरवून बसवायच्या आट्यांचाही असाच गोंधळ. अर्धा इंच बीएसपीचे (ब्रिटिश पाइप-माप) आटे बाहेरून जवळपास २१ मिमी भरतात. अर्धा इंच एनपीटीही (अमेरिकी पाइप-माप) तेवढ्याच्या आसपास आणि दोन्हींना इंचाला १४ आटे. म्हणून एक दुसऱ्यात सुरुवातीला छान फिरतो. पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये जबरदस्तीने आवळला की आटे जातात, तेल पाझरतं.

बारा मिमीऐवजी सतरा मिमीची वाट दिली की क्षेत्रफळ दुप्पट होतं आणि तेवढ्याच वायूचा वेग निम्म्यावर येतो. संथ वायू तेलाचे थेंब कमी उचलतो, हा खरा फायदा. पण भोक पाडताना कव्हरच्या आतला बॅफल (तेल अडवणारा पत्रा) कापला गेला, किंवा नवं निपल (पाइप जोडायचं तोंड) थेट फिरत्या कॅमच्या वर आलं, तर तेल सरळ पाइपात उडतं. वेल्डिंगच्या उष्णतेने कव्हरची गॅस्केटची बाजू वाकते, ती पुन्हा सपाट करून घ्यावी लागते. आणि पिस्टनच्या रिंगा गेलेल्या असतील तर कितीही मोठा पाइप लावा, तेल कॅच कॅनमध्ये (ब्रीदरमधून आलेलं तेल गोळा करणारी टाकी) साठणारच.

कॅच कॅनला बळ दिलं शर्यतींच्या नियमांनी. आंतरराष्ट्रीय नियमांत उघड्या ब्रीदरसाठी २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यावर ३ लिटरची टाकी सांगितलेली असते. ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. रस्त्यावरच्या गाडीत तीच टाकी उघडी ठेवणं म्हणजे १९६० च्या आधीच्या काळात परत जाणं, वासासकट.

अलीकडच्या बऱ्याच इंजिनांत तेल वेगळं करणारा भाग प्लॅस्टिकच्या कव्हरमध्येच असतो. तिथे वेल्डिंगचा प्रश्नच नाही. मग कोणी अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर घेतं, कोणी तेल भरायच्या झाकणाच्या जागी ब्रीदरचा अ‍ॅडॅप्टर लावतं. रस्त्याकडे नळी सोडलेल्या इंजिनांतही झाकण त्याच कामाचं होतं. फक्त तेव्हा त्याच्या जाळीतून हवा आत जायची.